लांबच्या मोटारप्रवासांतील खोळंबा

पूर्वीं खुष्कीच्या लांब प्रवासांत मोटार नादुरुस्त होणें हा अपवाद नसून नित्यक्रमच होता. सन १९३१ मध्यें सित्रोएन कंपनीच्या मोटारी हार्ट यांच्या नेतृत्वाखालीं बैरूतहून पेकिंगकडे निघाल्या. मागील चाकांच्या जागीं त्यांना रबरी पट्टे होते. श्रीनगर ते गिलगिट ही वाट खेचरांची. तीवरून दोनच गाड्या नेल्या. एके ठिकाणीं वाटच ढासळली, तेव्हां मोटारीचे भाग सुटे करून हमालांनीं पलीकडे नेले व तेथें ते पुन्हां जोडले. बरोबर कुशल कारागीर होते, म्हणून हें निभावलें. गिलगिटपुढें मात्र गाड्या सोडून घोडीं घ्यावीं लागलीं.

पण खरा खोळंबा निराळाच! चीनकडून त्यांना भेटावयास निघालेल्या दुसऱ्या तुकडीला सिंकियांगच्या सुभेदारानें उरुमची येथें महिनोगणती अडकवून ठेविलें. तेथें पाना काय कामाचा? प्रवासाच्या सामानांत सुट्या भागांबरोबर दिवसांचीही शिल्लक हवी, ती यासाठींच. या दिरंगाईमुळें गोबीचें वाळवंट दोन्ही तुकड्यांना ऐन हिवाळ्यांत ओलांडावें लागलें. थंडीनें गारठलेलें एंजिन पुन्हां सुरू होईना, म्हणून तें रात्रंदिवस चालू ठेवीत. १९३२ च्या फेब्रुवारींत मोटारी पेकिंगला पोहोंचल्या.