गाऊन गेलेल्यांची नोंद
मराठवाड्यातील दिवंगत लोकगायकांची सूची कशी लावावी?

छत्रपती संभाजीनगरहून पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात, यादव राजा सिंघण याच्या कारकिर्दीत, या राजधानीत शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. विषयाला हात घालण्याआधी तो पहिल्याच अध्यायात पूर्वसूरींची नावे ओळीने घेतो: भरत, मतंग, कोहल, दत्तिल, भोज, सोमेश्वर, अभिनवगुप्त. शार्ङ्गदेव स्वतः दरबारात श्रीकरणाधिप होता, म्हणजे हिशेब आणि दप्तराचा प्रमुख. नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या हातून संगीताचा एवढा मोठा ग्रंथ झाला, हे मला महत्त्वाचे वाटते. मात्र त्याच्या यादीत प्रामुख्याने शास्त्रकार आहेत. गावोगाव गाणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची यादी करायची राहिली. ती अजूनही राहिलेलीच आहे.

मराठीत कोशांची परंपरा भक्कम आहे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी १९३२ ते १९४६ या काळात प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश जवळजवळ एकहाती उभे केले. शास्त्रीय गायकाची नोंद घराणे, गुरू आणि शिष्य यांच्या आधाराने करता येते. पं. नाथराव नेरळकर २८ मार्च २०२१ रोजी गेले, तेव्हा त्यांच्याविषयी लिहिणारे शिष्य आणि रसिक होते. पण १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ज्यांची गाणी वाजतात, उरुसात ज्यांच्या कव्वाल्या रात्र जागवतात, फडात ज्यांच्या ढोलकीवर लावणी उभी राहते, त्यांतल्या बहुतेकांना घराणे नाही आणि चरित्रकारही नाही.

चित्रपटसंगीताचा प्रश्न त्यामानाने सोपा होता. कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीतकोश’ रचला, तो वर्ष आणि चित्रपट धरून. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या मुंबईच्या ध्वनिमुद्रिका-संग्राहकांनी तबकड्यांवरचे क्रमांक धरून माग काढला. चित्रपट नाही आणि अनेकदा तबकडीही नाही, अशा गायकाला ही पद्धत कशी लावणार?

पहिली अडचण नावाची. अण्णा भाऊ साठे यांचे मूळ नाव तुकाराम. बार्शीचे अमर शेख जन्मनावाने मेहबूब हुसेन पटेल. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. मग अमर शेख कुठे शोधायचे, ‘अ’मध्ये, ‘श’मध्ये की ‘प’मध्ये? तमाशात तर गावच आडनाव होते: विठाबाई नारायणगावकर, यमुनाबाई वाईकर. बायकांची नावे लग्नानंतर बदलतात. सुलोचना चव्हाण यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर सुलोचना कदम हे नाव आहे. सरकारी मृत्युनोंदीत कागदोपत्री नाव येते, आणि रंगमंचावरचे नाव तिथे कुणी विचारत नाही. म्हणून मुख्य नोंद लोकांच्या तोंडी असलेल्या नावाखालीच हवी आणि बाकीच्या प्रत्येक नावावरून तिकडे बोट दाखवणारी ओळ हवी. आडनावाच्या अकारविल्ह्याचा हट्ट इथे सोडावा लागतो.

दुसरी अडचण तारखेची. आपल्याकडे जन्मतारीख हरवते, पण पुण्यतिथी टिकते. पैठणला एकनाथांची षष्ठी फाल्गुन वद्यात येते. खुलताबादच्या दर्ग्यांतले उरूस हिजरी तारखेने भरतात, आणि हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे इंग्रजी महिन्यांतून ते मागे सरकत जातात. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. त्या काळचे दप्तर बरेचसे उर्दूत आणि फसली सनात: १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. घरचे लोक ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी गेले’ असे सांगतात, तेव्हा ते अचूकच सांगत असतात. तारीख ज्या रूपात मिळाली त्याच रूपात आधी उतरवावी, इंग्रजी तारीख शेजारी लिहावी आणि कुणी सांगितली तेही नोंदवावे. परस्पर रूपांतर करून मूळ टाकून दिले, तर झालेली चूक पुढे कुणालाच सापडत नाही.

एक नोंद नमुन्यादाखल अशी:

‘अमर शेख. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गाव बार्शी. शाहीर, गायक, कवी. लाल बावटा कलापथक. साथीदार अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर. मृत्यू २९ ऑगस्ट १९६९, अपघाती. पाहा: पटेल, शेख, लाल बावटा.’

एवढ्या ओळींनी वाचक एका माणसापाशी थांबत नाही, तो सबंध कलापथकापर्यंत पोहोचतो. हीच नोंद मृत्युवर्षाच्या सूचीत टाकली की आणखी काही दिसते. अण्णा भाऊ गेले १८ जुलै १९६९ रोजी, म्हणजे दीड महिन्यात एकाच कलापथकाचे दोन आवाज थांबले. २००४ मध्येही तसेच झाले: १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जून रोजी प्रल्हाद शिंदे. चाळीस दिवसांच्या आत आंबेडकरी गाण्याने आपला थोर कवी आणि आपला सर्वांत ओळखीचा गळा गमावला. वर्णानुक्रमात ही माणसे एकमेकांपासून दूर पडतात, कालक्रमात ती शेजारी येतात. त्यामुळे नाव, गाव, पथक आणि मृत्युवर्ष अशा चार वाटांनी सूचीत शिरता आले पाहिजे.

तिसरी अडचण मला सर्वांत जास्त सलते. जुन्या कॅसेटचे वेष्टण उलटून पाहा. पुढे गायकाचा फोटो, मागे गीतकार आणि संगीतकार, आणि त्यांच्याखाली नुसते ‘आणि पार्टी’. त्या दोन शब्दांत ढोलकी, हार्मोनियम, बुलबुल, टाळ आणि कोरस सगळे जमा होतात. गीतकाराचे नाव वेष्टणावरून गळले, तर शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा तरी त्याची साक्ष देते. साथीदाराला तीही सोय नाही. त्याचे नाव फक्त त्याच्या सोबत्यांच्या आठवणीत असते आणि ते सोबतीही आता सत्तरीपार आहेत.

हे काम होऊ शकते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्याही आहेत. तिथे ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव लिहिले गेले. शेतात राबणाऱ्या बाईची नोंद घेता आली, तर ढोलकीवाल्याची का घेता येऊ नये?

या सूचीचे ठिकाण छत्रपती संभाजीनगरच असावे, असे मला ठामपणे वाटते. बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय इथे उभे केले. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ इथून निघाले. १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत नामांतराची चळवळ ज्या विद्यापीठासाठी चालली, ते इथे आहे, आणि त्या चळवळीच्या सभा गाण्यांनी सुरू होत. त्या विद्यापीठाच्या मराठी, संगीत आणि नाट्य विभागांतील एकेका विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातली एकेक पार्टी घेतली, तर आठही जिल्ह्यांची पहिली कच्ची सूची तयार होईल. ती चुकांसह प्रसिद्ध करावी आणि दुरुस्त्यांसाठी रकाना मोकळा ठेवावा.

वाचकांनीही हातभार लावावा. घरात कुणी गाणारे वा वाजवणारे होऊन गेले असेल, तर त्यांची सगळी नावे, गाव, पार्टी, वाद्य आणि गेल्याची तिथी एका कागदावर लिहा, सांगणाऱ्याचे नाव खाली घाला आणि त्याची एक प्रत जवळच्या वाचनालयात द्या. ‘आणि पार्टी’मधली माणसे कोण होती, हे सांगू शकणारे अजून आपल्यात आहेत, त्यांना याच वर्षी विचारायला हवे.