मणक्यांतील गादी आणि मूलपेशी

बालाघाटच्या पठारावरील अहमदपूर परिसरांत कंबरदुखीची तक्रार नवी नाहीं. जन्मभर ओणवें होऊन खुरपणी करणारीं किंवा सोयाबीनचीं पोतीं वाहणारीं माणसें ‘गादी झिजली’ असें म्हणतात. आणि तो शब्दप्रयोग यथार्थ आहे.

मानेपासून कंबरेपर्यंत मणक्यांच्या दरम्यान अशा २३ गाद्या असतात. प्रत्येकीच्या मध्यभागीं पाणी धरून ठेवणारा मऊ गर व सभोंवार चिवट तंतूंचें कडें असतें. दिवसभराच्या भारानें गरांतील पाणी कांहीं अंशीं पिळून निघतें व रात्रींच्या विश्रांतींत परत भरतें. म्हणूनच माणसाची उंची सकाळीं किंचित् अधिक भरते. प्रौढाच्या गादींत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या हाडांतून झिरपेल तेवढ्याच पोषणावर तिच्या पेशी जगतात. वयपरत्वें हा झिरपा मंदावला, कीं पेशी मरतात, गर सुकतो व गादी चपटी होते.

ही उणीव मूलपेशींनीं, म्हणजे स्टेम सेलनीं, भरून काढावी अशी कल्पना पुढें आली. रक्त घडविणाऱ्या मूलपेशींचें सामर्थ्य महाराष्ट्रानें पाहिलेलें आहे: १९८३ सालीं मुंबईच्या टाटा रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं अस्थिमज्जारोपण यशस्वी केलें. परंतु तेथें नव्या पेशींना रक्ताचा भरपूर पुरवठा मिळतो. झिजलेल्या गादींत सोडलेल्या पेशींना मात्र, मूळच्या पेशी ज्या उपासमारीनें मेल्या, तिच्यांतच तग धरावा लागतो. शेतच कोरडें असेल तर उत्तम बियाणें तरी काय करणार?

स्पेनमध्यें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत १० रुग्णांच्या वेदना उणावल्या, गरांतील पाणीहि वाढलें. पण गादीची उंची परत आली नाहीं, आणि तुलनेसाठीं दुसरा गटहि नव्हता. पाठीचें दुखणें पुष्कळदां आपोआपहि शमतें. म्हणून अशी तुलना अत्यावश्यक ठरते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा व्याधींवर मूलपेशींचा वापर मंजूर प्रयोगांतच करावयाचा आहे. तेव्हां इंजेक्शनसाठीं जमीन गहाण टाकण्यापूर्वीं, हा कोणता मंजूर प्रयोग, असें कुटुंबानें अवश्य विचारावें. तोंवर नियमित व्यायाम व ओझें उचलण्याची योग्य रीत हेच मार्ग हितावह होत. पायांतील शक्ति जाऊं लागली किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर मात्र क्षणाचाहि विलंब न करतां रुग्णालय गांठावें.