पोलाद, ठेका आणि दागिना

टेक्नो संगीत डेट्रॉइटचे. पण त्याला पोलादी चेहरा दिला बर्लिनने. तिथला ‘ट्रेझोर’ क्लब १९९१मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत सुरू झाला. गंजलेले लॉकर, जाड गज आणि त्यांच्यामध्ये घुमणारा ठेका! या संगीतावर पोसलेल्या दागिन्यांत सोन्याऐवजी स्टील का दिसते, याचे उत्तर मला तिथेच सापडते.

स्टीलला दागिन्यांत मान मात्र त्याआधीच मिळाला होता. ‘क्राफ्टवेर्क’ या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बँडच्याच ड्युसेलडॉर्फ शहरातले सुवर्णकार फ्रीडरिश बेकर हाताच्या हालचालीबरोबर फिरणाऱ्या अंगठ्या घडवत. त्यांच्या कामात स्टेनलेस स्टील सोन्याइतक्याच दिमाखात वावरते.

ठेक्याचे आकारात रूपांतर करणेही अवघड नाही. १९८०च्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनवर एका ओळीत १६ बटणे असतात. दाबलेल्या बटणावर ठोका, बाकी शांतता. हीच मांडणी कड्याच्या १६ भागांवर भरीव-पोकळ अशी उतरवता येते. ध्वनिलहरीचा आलेख लेझरने थेट पत्र्यावर कापता येतो.

दागिन्यांसाठी बहुधा ३१६एल प्रतीचे स्टील वापरतात. त्यात क्रोमियम १६ ते १८ टक्के आणि मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के असते, म्हणून घामाने ते सहसा गंजत नाही. त्यात निकेलही असते. निकेलची ॲलर्जी असेल तर टायटॅनियम निवडा. स्टीलची अंगठी नंतर सैल-घट्ट करणे कठीण, तेव्हा माप आधीच नीट घ्या.