मोटर फिरते कशानं?

उन्हाळ्यात निपाणीकडच्या उसाला पाणी सुरू झालं की मोटरी जळतात आणि रिवायंडिंगच्या दुकानात गर्दी होते. तिथं उघडून ठेवलेली मोटर जवळून पाहावी. बाहेरच्या स्टेटरमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. आतल्या रोटरला मात्र एकही वायर जोडलेली नसते. तरी फिरतो तोच!

तारेतून वीज गेली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे ओर्स्टेडनं १८२० मध्ये दाखवलं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते, हा फॅरडेचा १८३१चा शोध. मोटरीत दोन्ही एकदम घडतं. थ्री फेजमुळे स्टेटरचं क्षेत्र गोल फिरतं, त्यानं रोटरच्या सळ्यांत प्रवाह उपजतो आणि रोटर क्षेत्रामागे धावू लागतो. गाठत मात्र नाही. गाठलं, तर त्याच्यापुरतं क्षेत्र बदलायचं थांबेल आणि जोरही संपेल. म्हणून दोन पोलच्या मोटरीत क्षेत्राचे मिनिटाला ३००० फेरे होतात, पण पाटीवर आकडा असतो २८८०च्या आसपास.

जळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एक फेज जाणं. उरलेल्या वेटोळ्यांतून जादा प्रवाह वाहतो, वार्निश करपतं. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले अशा वेळी मोटर बंद करतो. पण तो ‘सारखा पडतो’ म्हणून बऱ्याच ठिकाणी बायपास केलेला असतो.