आंबेनळीचा लाव्हा राजमुंद्रीपर्यंत

साताऱ्यात उभे राहून अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड असे एकामागून एक डोंगर न्याहाळले, तर माथे सपाट आणि अंगावर आडवे पट्टे दिसतात. एका कड्यावरचा पट्टा नजरेने पुढे नेला, तर समोरच्या डोंगरावर जवळपास तेवढ्याच उंचीवर तो पुन्हा सापडतो. मधली दरी पाण्याने नंतर कोरली. म्हणजे यातला एकही डोंगर कधी आग ओकत नव्हता. इथे लाव्हाचे अफाट पठार होते. कृष्णा-कोयनेने ते कापत नेले आणि उरले ते आपले किल्ले.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थानाच्या वर. पृथ्वीच्या प्रावरणातला खडक तिथे वर सरकत होता. तो आधीच इतका तापलेला असतो की वितळायला आणखी आच लागत नाही. डोक्यावरचा दाब कमी झाला तरी पुरते. वितळलेला रस भोवतीच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. चढताना त्यात विरघळलेली वाफ आणि वायू यांचे बुडबुडे होतात आणि ते त्याला आणखी वर रेटतात. रस घट्ट असेल तर वायू कोंडून स्फोट होतो. आपला बेसाल्टचा रस सिलिका कमी असल्याने पातळ होता. जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि तो बाहेर पडून पसरत गेला.

आइसलँडमध्ये 1783 साली लाकी इथे 27 किलोमीटरची अशीच भेग उघडली. आठ महिन्यांत सुमारे 15 घन किलोमीटर लाव्हा आला. दख्खनच्या एकेका मोठ्या उद्रेकाचा अंदाज हजार घन किलोमीटरच्या पुढे जातो!

भूशास्त्रज्ञांनी या थरांना नावे दिली तीही इथलीच. वरच्या उपगटाला वाई, त्यातल्या थरसमूहांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या खडकांशी रासायनिक घडणीने जुळणारा बेसाल्ट आंध्रातल्या राजमुंद्रीजवळ सापडतो, जवळजवळ हजार किलोमीटरवर. पृथ्वीवरचे सर्वांत लांब लाव्हाप्रवाह बहुधा हेच.

इतके अंतर तो न गोठता कसा गेला? अकराशे अंशांहून तप्त लाव्हा हवेला लागताच वरून थिजतो. तापल्या दुधावर साय धरावी तशी कातडी तयार होते आणि तीच आतल्या रसाची ऊब राखते. खालून नवा रस येत राहतो, कातडी फुगून उचलली जाते, कडेला फुटते, नवा लोळ बाहेर पडतो, त्यावर पुन्हा कातडी. पातळसा लोळ असा काही मीटर, कधी दहा मीटरांहूनही जाड होतो. धावणाऱ्या आगीच्या नदीपेक्षा हा संथ, वर्षानुवर्षे चालणारा पसारा मला जास्त थक्क करतो.

दोन उद्रेकांमध्ये शांत काळही गेले. घाटरस्त्यांच्या कापलेल्या कड्यांत काळ्या थरांच्या मधे विटकरी लाल पट्टी दिसते. उघड्या पडलेल्या खडकाची, राखेची झीज होऊन ती बनली. तिच्यावरून पुढचा लाव्हा गेला आणि ती भाजली. याच काळात डायनोसॉर संपले. त्यात मेक्सिकोजवळ आदळलेल्या लघुग्रहाचा वाटा किती आणि आपल्या लाव्हातून सुटलेल्या गंधकी वायूंचा किती, यावर अजून वाद आहे.

सांगलीच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडे, या प्रवाहांची घडण विहिरीत भेटते. बुडबुडे वर चढून गोठणाऱ्या माथ्यापाशी अडकतात, म्हणून प्रवाहाचा वरचा भाग सच्छिद्र आणि पोट घट्ट. विहीर खणताना मुरूम लागतो, मग मांजऱ्या म्हणजे हा सच्छिद्र थर, मग काळा कातळ. मांजऱ्यातल्या कित्येक पोकळ्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरल्या, तरी तो लवकर झिजतो, भेगाळतो आणि पाणी धरतो. अखंड कातळ धरत नाही. दुष्काळी शिवारात शेजारच्या दोन विहिरींचे नशीब कधी कधी इतक्या जुन्या बुडबुड्यांवर ठरते.

11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर विहिरींच्याही खूप खाली, कोयना परिसराचे पोट तपासण्याची गरज पटली. कोयनेजवळ गोठणे इथे 3 किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. त्याचे काम कराडच्या केंद्र सरकारी प्रयोगशाळेकडे आहे. त्या छिद्रात लाव्हाचे थर 1,247 मीटरवर संपले आणि त्याखाली थेट अब्जावधी वर्षे जुना ग्रॅनाइटी खडक लागला.