महाविद्यालयातील वातावरणाची पाहणी

बंगळूरच्या बनशंकरी भागातील महाविद्यालयांत शिकणारी विद्यार्थिनी बसस्थानकावरून, किंवा २०१७ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो स्थानकावरून, पायी निघते तेव्हाच तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न सुरू होतो. वर्षभरात एकही तक्रार आली नाही, म्हणजे सर्व क्षेम आहे, असे मानण्याकडे संस्थाचालकांचा कल असतो. परंतु तक्रार न येण्याची कारणे दोन संभवतात: अन्याय घडला नसेल, किंवा दाद मिळेल हा विश्वास उरला नसेल. हा भेद तक्रारवहीवरून कळत नाही. त्यासाठी निनावी प्रश्नावली लागते.

उत्तरांची सरासरी मात्र फसवी असते. समजा, १,००० विद्यार्थ्यांपैकी ९०० जणांनी आपण सुरक्षित असल्याचे सांगितले. त्यांतील १०० परप्रांतीयांपैकी केवळ ४० जणांचे उत्तर होकारार्थी असेल, तर नव्वद टक्क्यांच्या आड ६० जणांची भीती दडून राहते. म्हणून भाषा, जात, लिंग व अपंगत्व यांनुसार उत्तरे वेगळी मांडावी लागतात. एखाद्या गटात चार-दोनच जण असल्यास मात्र त्यांची उत्तरे प्रसिद्ध करू नयेत. त्यावरून माणूस ओळखू येतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक केली. त्याचबरोबर सुरक्षिततेची सबब सांगून विद्यार्थिनींच्या वसतिगृहांना भेदभावाचे नियम लावू नयेत, असेही बजावले. पाहणीत रस्ता अंधारा आढळला, तर तेथे दिवा लावणे हा उपाय होय. मुलींना सातच्या आत कोंडणे हा नव्हे.