झिजलेला गुडघा आणि स्टेम सेलचं इंजेक्शन

मोडलेलं हाड सांधतं, फाटलेली कातडी भरून येते. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, मात्र एकदा गेली की गेली. शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी हे १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग दुरुस्तीचं सामान पोचवणार कोण?

इथे स्टेम सेलची आशा दाखवली जाते. अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतल्या रक्तातून मिळणाऱ्या या पेशी प्रयोगशाळेत योग्य रसायनं दिली की कूर्चापेशी बनतात. गुडघ्यात मात्र गोष्ट वेगळी. इंजेक्शनने सोडलेल्या बहुतेक पेशी तिथे फार काळ टिकतच नाहीत. त्या गवंड्यासारखी भिंत बांधत नाहीत. सूज कमी करणारी रसायनं सोडतात, असा आता बहुतेक संशोधकांचा कल आहे. म्हणजे दुखणं कमी झालं, तरी कूर्चा उगवली असं नव्हे. जाहिराती नेमकी इथेच गल्लत करतात, आणि ती अजाणतेपणी होते असं मला वाटत नाही.

दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये नाळेच्या रक्तातल्या पेशींचं औषध मंजूर केलं. ते शस्त्रक्रिया करून थेट कूर्चेच्या खड्ड्यात भरतात. साध्या इंजेक्शनची कसोटी अमेरिकेत लागली. सुमारे पावणेपाचशे रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: वर्षभरानंतर पेशींची इंजेक्शनं स्वस्तातल्या स्टिरॉइडपेक्षा सरस ठरली नाहीत.

हाडावर हाड घासू लागलं असेल, तर आजही खात्रीचा उपाय सांधेरोपणच.